जखमी, आजारी व जायबंदी सैनिक : त्यांचा हक्क आणि आपले घर

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या चिटणीसांनी भाषणाचे निमंत्रण देताना "काहीतरी बोधप्रद बोला" एवढीच सूचना आम्हांस केली. निवृत्त शिक्षकाकडून बोधाची अपेक्षा ठेवणे हे रीतीस धरूनच आहे. परंतु सारा जन्म वर्गात बोध पाजण्यात गेल्यावर, ऐकणाऱ्यास बोधापेक्षा माहितीची गरज अधिक असते, असे आमचे मत बनले आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कायद्याचे पंडित आम्ही नव्हे. तथापि गेली काही वर्षे सैन्यातून परतलेल्या मुलांचे कागद वाचण्याचे व त्यांचे अर्ज लिहून देण्याचे काम आमच्याकडे आपोआप चालत आले आहे, आणि त्यातून जे कळले तेवढेच आज आपणांपुढे ठेवणार आहोत.

या व्यासपीठावर दरवर्षी आपण सैनिकांचा सत्कार करतो. शाल, श्रीफळ, टाळ्या, छायाचित्र. हे सर्व उचितच होय. पण सत्कारासाठी नावे निवडली जातात तेव्हा सीमेवर गोळी लागलेल्याचे नाव प्रथम पुढे येते. शिपायांचा ट्रक दरीत कोसळून ज्याची कंबर मोडली, त्याचे नाव सुचविताना एखाद-दुसरा सभासद चाचरतो. आणि जो आजारी पडून घरी आला, त्याचे नाव तर कोणीच सुचवीत नाही. त्याच्याविषयी गावात "नोकरी सोडून आला", "झेपले नाही" अशी कुजबुज चालते. जखमी, जायबंदी आणि आजारी अशा या तीन पंगती आपण मनात मांडल्या आहेत, आणि तिसरी पंगत बहुधा दाराबाहेर बसते. सरकारी नियमांतही पंगती आहेत. त्या कोणत्या ते पुढे सांगतो. परंतु तेथे निदान पंगत बदलून मागण्याची सोय आहे. आपल्या ओसरीवर ती नाही.

जखमी शिपायाचा सांभाळ हे राज्याचे काम आहे, हा विचार विलायतेहून आलेला आहे अशी पुष्कळांची समजूत असते. कृष्णाजी अनंत सभासद याची बखर ज्यांनी चाळली असेल त्यांना ठाऊक आहे की १६५९ साली प्रतापगडाखाली अफजलखानाचा पाडाव झाल्यावर महाराजांनी जखमी झालेल्यांस जखम पाहून दोनशे, शंभर, पन्नास व पंचवीस होन दिले, असे त्याने नमूद केले आहे. जे पडले त्यांच्या मुलांना चालविले, आणि ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांस अर्धे वेतन लावून दिले. आम्हांला यात औदार्यापेक्षा एका गोष्टीचे विशेष वाटते. सर्वांना सारखी रक्कम नाही. जखम पाहून रक्कम. म्हणजे कोणीतरी प्रत्येकाच्या अंगावरची जखम पाहिली, तिची प्रत ठरविली आणि ती लिहून ठेविली. आजचे वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरविते ते याहून निराळे काय करते?

आधुनिक काळात या कामाचे माहेरघर म्हणजे आपले पुणे. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या हिंदी शिपायांना हातकाम शिकविण्यासाठी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पत्नीने १९१७ साली क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल काढले. ती संस्था पुढे खडकीस आली व अद्याप चालू आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना १९४४ साली पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र निघाले. तेथे तुटलेल्या पायाच्या उरलेल्या भागाचे माप घेऊन पाय बनवितात, तो घालून चालावयास शिकवितात आणि झिजला की बदलूनही देतात. पुढे नागरिकांनाही त्या केंद्राचा लाभ मिळू लागला. १९७४ साली खडकीसच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू झाले. पाठीच्या कण्यास इजा होऊन ज्यांचे कमरेखालचे, कित्येकांचे तर मानेखालचे, शरीर निर्जीव झाले आहे असे जवान तेथे राहतात. चाकाच्या खुर्चीवर बसून चेंडूफळीचे खेळ खेळणारे आणि तोंडात कुंचला धरून चित्रे काढणारे जवान तेथे झाले आहेत. पुण्याला लग्नकार्यासाठी आपण वर्षातून चार खेपा करतो. एखादी खेप, आधी परवानगी घेऊन, खडकीकडे वळविण्यास हरकत नाही.

श्री. मुरलीकांत पेटकर यांचे नाव अलीकडे चित्रपटामुळे घरोघरी गेले आहे. सांगली जिल्ह्यातील हा मुष्टियोद्धा जवान. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्याशी रुतून राहिली आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरविण्यात आले, आणि त्या पोहण्यातूनच १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारे ते पहिले भारतीय. पद्मश्री मिळाली ती मात्र २०१८ साली! मधल्या ४६ वर्षांचा हिशेब ज्याचा त्याने मनाशी करावा. आणि १९७१ च्या युद्धात सुरुंगावर पाय पडल्यावर तो चिंधड्या झालेला पाय स्वतःच्या खुकरीने तोडणारे गुरखा पलटणीचे इयान कार्डोझो, हे पुढे कृत्रिम पायाच्या जोरावर पलटणीचे नेतृत्व करणारे भारतीय सेनेतील पहिले अपंग अधिकारी ठरले व मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढले. अशी माणसे विरळा. त्यांच्या कथा मुलांना जरूर सांगाव्यात. पण त्या सांगताना, घरात खाटेवर पडलेल्या आपल्या पोराने पेटकर किंवा कार्डोझो का होऊ नये, असा सूर लागू देऊ नये. पेन्शन ही पदक मिळविणाऱ्यासाठी नसते.

आता मुख्य विषयाकडे वळतो. सैनिकास इजा वा आजार झाला की सरकार प्रथम एकच प्रश्न विचारते : ही इजा लष्करी सेवेमुळे झाली काय, अथवा सेवेमुळे वाढली काय? साऱ्या प्रकरणाचा मुक्काम या एका वाक्यावर आहे. त्या उत्तरानुसार अ पासून इ पर्यंत पाच वर्ग पाडले आहेत. सेवेशी संबंध नसलेला आजार पहिल्या वर्गात, सेवेमुळे जडलेला वा वाढलेला दुसऱ्यात, कर्तव्यावरील अपघात तिसऱ्यात, अतिरेक्यांच्या हिंसेतील इजा चौथ्यात व प्रत्यक्ष युद्धातील पाचव्यात, असा स्थूलमानाने क्रम आहे. पहिल्या वर्गात ज्याचे नाव पडले त्यास विकलांगतेची पेन्शन नाही. इंग्रजीत त्या शेऱ्याची आद्याक्षरे जोडली की "नाना" असा शब्द होतो, आणि छावणीत तो त्याच नावाने ओळखला जातो. आपल्या घरांत नाना म्हणजे वडीलधारा, मायेचा माणूस; या नानाने मात्र कित्येकांच्या तोंडचा घास काढला आहे.

रकमेचा हिशेब शिक्षकाच्या सवयीने फळ्यावर मांडल्यासारखा सांगतो. विकलांगता किमान २० टक्के असावी लागते. शंभर टक्के असल्यास अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के एवढी रक्कम या सदराखाली मिळते. समजा, वेतन ४०,००० रुपये आहे. तर शंभर टक्क्यांस १२,००० आणि पन्नास टक्क्यांस ६,०००. पाचव्या वेतन आयोगानंतर यात एक सवलत आली. पन्नासहून कमी टक्केवारी ही पन्नास धरावी, पन्नास ते पंचाहत्तर ही पंचाहत्तर, आणि त्यापुढील शंभर. म्हणजे वीस टक्के लिहिलेल्यास २,४०० ऐवजी ६,०००. ही सवलत प्रथम वैद्यकीय कारणावरून मुदतीआधी घरी पाठविलेल्यांपुरती ठेवली होती. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार यांच्या प्रकरणात, मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांसही तिचा लाभ दिला. युद्धातील जखमेचा दर याहून पुष्कळ मोठा असतो. शंभर टक्के जायबंदी होऊन घरी पाठविलेल्यास त्या सदराखाली अखेरच्या वेतनाइतकी रक्कम मिळते. पूर्ण परावलंबी झालेल्यास सोबतीच्या माणसासाठी निराळा भत्ताही आहे. ज्याला आपल्या हाताने पाणी पिता येत नाही, त्याच्या आईने वा पत्नीने तो मागण्यात संकोच कसला?

तेव्हा "सेवेमुळे" हे सिद्ध कोणी करावयाचे, हा खरा कळीचा मुद्दा. बर्फात बोटे झडली, तर वाद नाही. पण रक्तदाब, मधुमेह, फेफरे, मनाचे विकार हे घरी राहिला असता तरी झालेच असते, असे मंडळ म्हणू शकते व म्हणत आले आहे. धरमवीर सिंग नावाचा शिपाई १९८५ साली भरती झाला आणि फेफऱ्यामुळे १९९४ साली २० टक्के विकलांगता लिहून घरी पाठविला गेला; पेन्शन नाकारली. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. त्यातील तर्क आमच्या अल्पमतीप्रमाणे असा आहे : भरतीच्या वेळी तुम्ही त्याला तपासून निरोगी म्हणून घेतलेत, त्या कागदावर कोणताही रोग लिहिला नाहीत, मग नंतर जडलेला रोग सेवेमुळे नव्हे हे दाखविण्याचा भार तुमच्यावर आहे, शिपायावर नव्हे, आणि मंडळाने आपल्या मताची कारणेही लिहिली पाहिजेत. सणसणीत धडधाकट म्हणून नेलेले पोर मोडून परत केले, तर कारण नेणाऱ्याने सांगावे, हा न्याय आपल्या कोणत्याही खेड्यातील पाराला समजेल असाच आहे.

येथे एका कुटुंबाची हकीकत सांगणे भाग आहे. नावगाव सांगत नाही, आपणही तर्क करू नये. मुलगा आमच्या वर्गातला. धावण्यात पहिला, गणितात मागे. भरती झाला, आठ वर्षे चाकरी केली, त्यातील बराच काळ उंच बर्फाळ मुलखात. तेथे त्याला फेफरे येऊ लागले. २००३ साली त्याला घरी पाठविले. कागदावर तोच शेरा, नाना. दहा वर्षे पुरी न झाल्याने हाती काही एकरकमी पैसा आला, मासिक पेन्शन नाही. आणि पेन्शन नाही म्हणून २००३ सालीच सुरू झालेल्या माजी सैनिकांच्या औषधोपचार योजनेचे दारही बंद. त्या वेळी घरात धाकट्या बहिणीचे लग्न ठरावयाचे होते. थोरल्या भावास फेफरे आहे हे बाहेर कळले तर सोयरीक मोडेल, या भीतीने वडिलांनी सर्व कागद पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी घातले आणि मुलगा स्वखुशीने नोकरी सोडून आला असे गावात सांगितले. मुलगा ते खोटे जन्मभर वागवीत राहिला. लोक त्याच्या तोंडावर त्याला पळपुटा म्हणत. औषधासाठी आईने माहेरून मिळालेले अर्धा एकर रान विकले. ती २०११ साली गेली.

पुढे एका निवृत्त सुभेदारांनी वर सांगितलेला निकाल त्याच्या कानावर घातला आणि तो ट्रंक घेऊन आमच्याकडे आला. भरतीचा वैद्यकीय कागद त्यात नव्हता. तो मागविण्यात सात महिने गेले. एका कचेरीने तीन ओळींत अपील फेटाळले. त्या तीन ओळींत त्याचा हुद्दाही चुकीचा लिहिला होता. शेवटी २०१६ साली सशस्त्र सेना न्यायाधिकरणापुढे अर्ज दाखल झाला आणि काही वर्षांनी निकाल त्याच्या बाजूने लागला. आनंद झालाच. परंतु थकबाकीचा हिशेब हाती आला तेव्हा तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली तरसेम सिंग यांच्या प्रकरणात घालून दिलेल्या दंडकाप्रमाणे, पेन्शनचा हक्क उशिरा मागितला म्हणून बुडत नाही, पण मागील बाकी मात्र अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे २०१३ पासूनची मिळाली. त्याआधीची दहा वर्षे गेली. "गुरुजी, आईचं रान त्या दहा वर्षांत होतं," एवढेच तो बोलला.

त्या वडिलांना दोष देण्यास आमची जीभ रेटत नाही. मुलीचा बाप काय करील? पण सोयरीक मोडेल ही भीती त्यांना कोणाची होती? सरकारची खचित नव्हती. ती तुमची-आमची होती, याच सभागृहात बसणाऱ्या पाहुण्यारावळ्यांची. म्हणून हा विषय मंडळापुढे आणला. वकिलापुढे आणून भागण्यासारखा तो नव्हता.

मनाच्या आजाराविषयी तर आपण याहून कठोर आहोत. सैन्यात माणसाची प्रकृती पाच अंगांनी मोजतात, आणि त्यांत पहिले अंग मनाचे. कान, हातपाय, सामान्य प्रकृती व दृष्टी ही त्याच्या मागाहून. लष्कराने ज्यास प्रथम स्थान दिले त्यास आपल्याकडे "डोके फिरले" एवढेच नाव आहे, आणि त्यावरचा इलाज म्हणजे अंगारा. अंगारा लावणाऱ्यास आम्ही अडविणार नाही. त्याबरोबर डॉक्टरची चिठ्ठी जपून ठेवावी, इतकीच विनंती.

२१ सप्टेंबर २०२३ पासून या बाबतीत नवे नियम लागू झाले आहेत. आजारासंबंधी ते पूर्वीपेक्षा कडक आहेत अशी माजी सैनिकांची तक्रार आहे, आणि विकलांगता असूनही सेवेत राहून मुदत पुरी करणाऱ्यास मिळणाऱ्या रकमेचे नावही त्यांत बदलले आहे. तेव्हा कोणाचे प्रकरण पाहताना सेवामुक्तीची तारीख प्रथम पाहावी. शेजाऱ्यास मिळाले म्हणून आपणांस मिळेलच असे धरू नये. २०२२ पासून अग्निवीर म्हणून जाणाऱ्या मुलांचा प्रकार आणखी निराळा. त्यांना आजन्म पेन्शन नाही. सेवेमुळे विकलांगता आल्यास शंभर, पंचाहत्तर व पन्नास टक्क्यांस अनुक्रमे ४४, २५ व १५ लाख रुपये एकरकमी, आणि चार वर्षांपैकी उरलेल्या काळाचे वेतन, अशी ती योजना जाहीर झाली. एकविसाव्या वर्षी पाय गमावलेल्या मुलास ४४ लाख हे मोठे वाटतील. साठाव्या वर्षीही त्याला तोच पाय नसेल. हे आमचे मत झाले. मुलगा भरतीस निघाला असेल त्या घराने मत काहीही ठेवावे, पण आकडे माहीत करून घ्यावेत.

आणि कागद! इजा झाली की पलटणीत इजेचा अहवाल भरला जातो. त्याचा नमुना आय.ए.एफ.वाय. २००६ या क्रमांकाचा. माणूस कर्तव्यावर होता की नव्हता, याविषयी कमांडिंग अधिकाऱ्याचे मत त्यात लिहिलेले असते. मुलगा रुग्णालयात असताना फोनवर आपण "जेवलास का" हे विचारतो, तसेच "अहवाल भरला का, त्याची प्रत घेतली का" हेही विचारावे. मंजूर रजेवर घरी येताना वा परत जाताना वाटेत झालेला अपघात बहुधा कर्तव्यावरचा धरला जातो. घरी पोहोचल्यावर जत्रेत मोटारसायकलवरून पडला तर सहसा नाही. तेव्हा रजेचा दाखला आणि रेल्वेचे तिकीट हेही कागदच होत. आपल्याकडे लग्नपत्रिका तीस वर्षे जपतात आणि डिस्चार्ज बुक मात्र वाळवीस देतात, हे आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

मंडळासाठी एक सूचना आहे. तिचा ठराव करावा की नुसती रीत पाडावी, हे अध्यक्षांनी ठरवावे. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबर हा ध्वजदिन पाळला जातो, आणि त्या दिवशी जमणारा पैसा युद्धविधवा, अपंग जवान व माजी सैनिक यांच्या कामी येतो. आपण छातीवर कागदी झेंडा लावतो, दहा रुपये टाकतो आणि मोकळे होतो. त्या आठवड्यात मंडळाने सभासदांपैकी सैन्यातून परतलेल्या प्रत्येक घरी दोन माणसे पाठवावीत, निरोगी असो वा आजारी, सर्वांकडे. म्हणजे कोणाकडे गेले यावरून कोणी तर्क करणार नाही. सत्कारात शाल कमी पडली तरी चालेल, झेरॉक्सचा खर्च मंडळाने उचलावा. अपिलाचे प्रकरण असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सोबत जावे. तेथील माणसे बरी बोलतात, पण एकटा गेलेला आजारी माणूस बाकावरूनच परत येतो, हा अनुभव आहे.

आमच्यापुरते म्हणाल तर आम्ही दर रविवारी सकाळी दहा ते बारा मंडळाच्या कार्यालयात बसू. चिटणीसांनी किल्ली देण्याचे कबूल केले आहे. येताना डिस्चार्ज बुक, पेन्शनचा हुकूम असल्यास तो, वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची प्रत आणि रुग्णालयाच्या जुन्या चिठ्ठ्या आणाव्यात. मूळ कागद कोणाच्याही हाती ठेवू नयेत, आमच्याही नाही. ज्यांना कार्यालयात येण्याचा संकोच वाटत असेल त्यांनी निरोप पाठवावा, आम्ही अंधार पडल्यावर घरी येऊ. चष्मा मात्र आमचा आम्ही आणू. एवढ्या बारीक अक्षरात लिहिण्याची लष्कराची खोड अद्याप गेलेली नाही.